मांतुआच्या खिडक्या

सदर्क, लंडन
३ मे १६१२

ती. थॉमसिनताईस अँब्रोजचा सा. न. वि. वि.

पत्राला तीन महिने उशीर झाला. त्याबद्दल जे बोलायचं ते तू मनातल्या मनात बोलून घेतलंच असशील, म्हणून माफी मागण्यात कागद घालवत नाही. बातमी मोठी आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांत भाला धरून उभा राहणारा तुझा भाऊ आता स्वतः शोकांतिका लिहितोय, आणि आमच्या मंडळीनं ती ऑगस्टात लावायचं कबूलही केलंय. तुझा विश्वास बसणार नाही. माझाही अजून बसलेला नाही.

गोष्ट साधी आहे. एक खातापिता गृहस्थ बायकोवर संशय घेतो आणि घराच्या खिडक्या एकेक करून विटांनी बुजवत जातो. प्रत्येक अंकात एक खिडकी. शेवटच्या अंकात बाई बिनखिडकीच्या खोलीत उरते आणि मरते. मी हे सगळं नॉर्विचमध्येच घडवलं होतं, कारण घर म्हटलं की मला दुसरं गाव सुचतं कुठं? पण आमचे मालक क्रॅचसाहेब पहिलं पान वाचूनच कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, वेड लागलंय का तुला, इंग्रज माणूस असलं काही करतो होय? आणि दरबारात नाटकं तपासणारे साहेब हे पास करतील असं वाटलं तरी कसं तुला? जा, त्याला ड्यूक कर आणि इटलीत नेऊन टाक. इटलीत काय वाटेल ते चालतं, लोकही खूश आणि साहेबही खूश. म्हणून आता तो गृहस्थ मांतुआचा ड्यूक झालाय. मांतुआ कुठं आहे हे क्रॅचसाहेबांना माहीत नाही, मलाही नाही. मी आजवर पाहिलेला एकमेव इटालियन पुलापाशी दातांची पूड विकतो.

आमच्या रंगमंचावर भिंती नसतात हे तू जाणतेसच. चार फळ्या, दोन खांब आणि वर रंगवलेलं आकाश. घर उभं करायचं ते बोलण्यातून. प्रेक्षकांना ड्यूकचं काळीज दिसणार नाही, पण घर मिटत चाललेलं कळेल, आणि घर हेच त्याचं काळीज, असा माझा बेत आहे. जमलाय की नुसती बडबड झालीय ते मला कळेनासं झालंय. पहिले दोन अंक उतरवून पाठवतोय. लहानपणी माझ्या कवितांवर फुली मारायचीस तशी मार, दयामाया नको.

भावोजींना नमस्कार. तुझ्या लग्नानंतर तुमच्याकडे येणं झालं नाही, चार वर्षं झाली. अर्सुलामावशी लिहिते की नातवाच्या बारशालाही तू आली नाहीस. एवढी मोठी शेठाणी झालीस की दोन गल्ल्या चालवत नाहीत?

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
अँब्रोज


नॉर्विच
१९ मे १६१२

चि. अँब्रोजला थॉमसिनचे पोटभर आशीर्वाद.

तुझे दोन्ही अंक दोनदा वाचले. शिव्या द्यायला बसले होते, पण ड्यूकच्या बायकोनं पहिल्या अंकात बागेला रामराम केला तिथं माझे डोळे भरून आले, तेव्हा शिव्या अर्ध्यावर आल्या. उरलेल्या अर्ध्या घे.

खिडकी बुजल्यावर तू लगेच अंधार अंधार म्हणून पान भरलंस. अंधार नंतर येतो रे. आधी जातो तो आवाज. मालाच्या गाड्यांच्या घंटा ऐकू येत नाहीत, शेजारीण कोणावर ओरडतेय ते कळत नाही, मग किती वाजले असतील तेही कळेनासं होतं. ओला चुना आठ-दहा दिवस पाझरतो. त्या खोलीत पाव दुसऱ्या दिवशीच बुरसटतो. हे घाल, म्हणजे लोकांना खरं वाटेल.

आणि तुझा ड्यूक किती आरडाओरडा करतो! असा माणूस ओरडेल कशाला? तो तिच्या खांद्यावर शाल घालेल आणि म्हणेल की राणी, वारा लागतोय तुला. संशय काढून टाक. काळजी घाल.

आमच्याकडे सगळं ठीक. रस्त्याकडची खिडकी ह्यांनी गेल्या हिवाळ्यात बुजवून घेतली, कातडी कमावणाऱ्यांकडून कुबट हवा येते म्हणून. ह्यांची पहिली बायको तापानं गेली ती त्याच खोलीत, तेव्हापासून ह्यांनी हवेची धास्ती घेतलीय. माणूस जिवाला जपणारा आहे, माझी काही तक्रार नाही. बारशाचं असं की त्या दिवशी गावात गोवराची साथ होती, म्हणून हे नको म्हणाले.

एक विचारते. तुझी डचेस दुपारभर काय करते? तू कुठंच लिहिलं नाहीस. मला ते जाणून घ्यावंसं वाटतं.

तुझी,
थॉमसिनताई


सदर्क
६ जून १६१२

माझ्या कडक परीक्षक ताईस,

तू सांगितलेलं सगळं घातलं. पावाची बुरशी ऐकून क्रॅचसाहेबांनी पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली आणि विचारलं, कुठून रे सुचतं तुला? मी ऐटीत सांगितलं, प्रतिभा. तू मला उघडं पाडू नकोस.

ड्यूकचा आरडाओरडाही काढला आणि त्यातून एक तमाशा झालाय. तुला माहीत नसेल, पण आमच्यात पूर्ण नाटक कुठल्याच नटाला देत नाहीत. ज्याला त्याला त्याची नक्कल मिळते. तिच्यात फक्त त्याची वाक्यं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे कधी तोंड उघडायचं ते कळावं. सगळ्यांनी मिळून एकच तालीम, तीही प्रयोगाच्या दिवशी सकाळी. तर आमचा ड्यूक म्हणजे फल्क हारबॉटल, भला दांडगा गडी. त्याच्या हातातल्या नकलेत आता नुसती माया. शाल घे, ऊब धर, माझ्या लाडके, बाहेरचं जग वाईट आहे. परवा मला मिठी मारून म्हणाला, अरे इतकी वर्षं मी खुनी आणि विषारी माणसंच केली, अखेर तू मला एक सज्जन नवरा दिलास! बायको शेवटी मरते हे त्याला माहीत आहे, पण आजारानं मरते असं समजून तो आत्तापासूनच रडण्याचा सराव करतोय. त्याला खरं सांगावं की नाही? अजून तरी सांगितलेलं नाही. तो जितका प्रेमळ वागेल तितकं ते भयंकर दिसेल, असं मला वाटायला लागलंय, आणि असं का वाटतं ते समजत नाही.

डचेस दुपारी काय करते याचं उत्तर माझ्याकडे नाही. ताई, चुना पाझरतो आणि आवाज आधी जातो, हे तुला एका खिडकीवरून कळलं? तुमच्याकडे एकच बुजवलीय ना? मी उगाच विचारतोय. भावोजी चर्चचे कारभारी आहेत आणि ते काही मांतुआ नव्हे. तरी लिही.

गोंधळलेला,
अँब्रोज


नॉर्विच
२४ जून १६१२

चि. अँब्रोज, तुला उदंड आयुष्य.

खरं तेच लिहिते, म्हणजे माझं मलाही दिसेल.

लग्नाच्या पहिल्या वर्षी बागेच्या फाटकाला कुलूप लागलं, कारण सफरचंदं चोरीला जात होती. खरोखरच जात होती. मग रस्त्याकडची खिडकी, ते तुला लिहिलंच. मग जिन्यावरची, कारण समोरच्या घरी एक तरुण वकील राहायला आला आणि हे म्हणाले, लोकांना बोलायला निमित्त कशाला? तेही बरोबरच. साथीच्या भीतीनं रविवारची प्रार्थना घरातच होऊ लागली. मावशी फार बडबडते आणि मग माझं डोकं दुखतं, म्हणून तिचं येणं थांबलं. डोकं दुखायचं हे खरं आहे. वसंतात शिवणाच्या खोलीची खिडकी गेली, तिथून खोकला होतो म्हणून. मला खोकला झालाही होता.

प्रत्येक गोष्ट एकेकटी घेतली तर तिच्यावर बोट ठेवता येत नाही. सगळ्या एकत्र मांडल्या की मला काही सुचेनासं होतं. ह्यांनी कधी आवाज चढवला नाही. माझे पाय गार पडले तर हे स्वतः चोळून देतात. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. आता म्हणतात की नाही ठाऊक नाही, कारण त्या भेटत नाहीत.

मग तुझं नाटक आलं. मी वाचलं आणि वाटलं, ही तर मी. लगेच वाटलं, छे, हे तर इटली! तिथं विषप्रयोग होतात, ड्यूक असतात, पोप असतो. इथं आपला राजा आहे, कायदा आहे, दर रविवारी घंटा वाजते. इथं जे होतं ते तसलं कसं असेल? आपलं घर मांतुआत असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं, असं वाटतं. मी कृतघ्न आहे का रे? की मूर्ख?

तू मला एवढं कर. तुझ्या डचेसला कुठल्या प्रवेशात कळतं? की ही काळजी आहे की तुरुंग आहे, हे तिला नक्की कशावरून कळतं? तो प्रवेश तू लिहिलेला नाहीस. तो लिही आणि मला पाठव. मला तो हवाय, अँब्रोज. यापुढे पत्र मावशीच्या पत्त्यावर घाल. आमची मोलकरीण सिबिल बाजारातून येताना आणते.

थॉमसिन


सदर्क
१० जुलै १६१२

ताई,

पत्र वाचून मी उठलो आणि नॉर्विचला निघालो होतो. दारात थांबलो. येऊन भावोजींना म्हणू काय? की तुम्ही हिचे पाय चोळता? तुमचं लग्न व्हायच्या आधी, आईच्या दफनाला मी अनवाणी आलो होतो, तेव्हा त्यांनी स्वतःचे बूट काढून मला दिले आणि ते मोज्यांवर चिखलातून चालले. त्या माणसाशी भांडायचं कुठल्या मुद्द्यावर? एका कायदा जाणणाऱ्याला आडून विचारलं. तो म्हणाला, नवऱ्यानं स्वतःच्या घराच्या खिडक्या बुजवू नयेत असा कायदा कोणत्याच देशात नसतो. वर असंही म्हणाला की बायको घर सोडून गेली तर गुन्हेगार तीच ठरते.

तू मागितलेला प्रवेश तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा फाडला. एकदा तिला पत्र सापडतं, एकदा दासी सांगते, एकदा स्वप्न पडतं. सगळं खोटं. तिला कशावरून कळतं ते मला माहीत नाही, ताई. मी हे घर बसल्या बसल्या रचलं. इंग्लंडात असं होत नाही असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून उचलून समुद्रापार ठेवलं. तू त्यात राहतेस हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटते.

तू ये. मी तुझ्या बाजूनं आहे, मग मला कळो वा न कळो. पण निघ असंही बळेच सांगवत नाही, कारण पुढं तुझं काय होईल हे मी सांगू शकत नाही. भाऊ म्हणून असा बावळट निघालो.

अँब्रोज


नॉर्विच
५ ऑगस्ट १६१२

चि. अँब्रोजला आशीर्वाद, आणि बावळटपणाबद्दल थोडे जास्त.

तुझं मागचं पत्र मावशीकडे उतरलं ते बरं झालं. घरी येणारा कागद आता हेच मला वाचून दाखवतात, अंधारात माझ्या डोळ्यांना ताण नको म्हणून.

बार्थलम्यूच्या जत्रेला हे कापड घेऊन लंडनला येताहेत. मीच म्हटलं की माझ्या भावाचं नाटक बघून या. नाटकवाल्यांबद्दल ह्यांचं मत तुला माहीत आहे, पण माझा शब्द मोडवला नाही. ह्यांना चांगल्या जागी बसव. ह्यांचं तोंड नीट बघ आणि जसं दिसेल तसं कळव, माझ्याकडे बघून मऊ करू नकोस.

हे चिडले, की असलं लिहायची तुझी छाती कशी झाली, तर मला कळेल. शरमले, गप्प झाले, तरीही कळेल. दोहोंपैकी एक होईलच. चार वर्षं मी ह्यांच्या चेहऱ्यात शोधतेय. एकदा ह्यांनी ते घर समोर बघावं, मग जे व्हायचं ते होवो.

तुझी,
थॉमसिन


सदर्क
२७ ऑगस्ट १६१२

ताई,

मऊ करू नकोस म्हणालीस, म्हणून आहे तसं लिहितो.

भावोजींना सज्जात गादीवर बसवलं आणि मी खांबामागून त्यांच्याकडे पाहत राहिलो. पहिला अंक त्यांनी पेअर खात पाहिला. दुसऱ्या खिडकीला खाणं थांबलं. तिसऱ्या खिडकीला फल्क डचेसला शाल पांघरतो. नाटकाचा शेवट त्याला प्रयोगाच्या पहिल्या सकाळी कळला होता आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, पण काम त्यानं तेच प्रेमळ ठेवलं. त्या शालीला भावोजी रडू लागले, ताई. हुंदके देऊन. खाली उभे असलेले लोक वर बघायला लागले. डचेस मेली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि ओरडले की राक्षसा, देव बघतोय!

मी म्हटलं, झालं, कळलं ह्यांना. जिना धावत चढलो. त्यांनी मला उराशी धरलं. म्हणाले, कसली रे ही माणसं, फुलासारखी बाई अशी मारून टाकली! देवाची दया, आपण इंग्लंडात जन्मलो. मग डोळे पुसत विचारलं, तिकडे खरोखर अशी घरं असतात का? मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही, कारण तेवढ्यात त्यांनी खिशातून हातमोजे काढून दाखवले. तुझ्यासाठी, आतून लोकर लावलेले. तिचे हात गार पडतात रे, म्हणाले.

पुलापर्यंत मी सोबत गेलो. निरोप घेताना त्यांनी विचारलं, सदर्कच्या विटा नॉर्विचपेक्षा पक्क्या असतात का?

ते ढोंग करत नव्हते. मी रोज नटांत वावरतो, ढोंग ओळखतो. त्यांच्या हातात फक्त त्यांची नक्कल आहे, फल्कसारखी. पण फल्कला शेवट दाखवला तेव्हा त्याला निदान कळला. माझं डोकं चालत नाही. इकडे विधवा मार्जरी ट्यूक यांच्या माडीवरची खोली रिकामी आहे. बाई भांडखोर पण खमकी आहे. गुरुवारी नॉर्विचहून मालाची गाडी सुटते. मी दर शनिवारी बिशप्सगेटच्या धर्मशाळेपाशी उभा असेन. आलीस तर आलीस, नाहीतर पुढच्या शनिवारी पुन्हा.

अँब्रोज


नॉर्विच
१४ सप्टेंबर १६१२

प्रिय अँब्रोज,

हे आल्यावर जेवणाच्या टेबलावर ह्यांनी मला तुझं अख्खं नाटक करून दाखवलं. ड्यूकचा आवाज, डचेसचा आवाज, सगळं. डचेस मरताना पुन्हा रडले आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. मीही रडले. वाटलं, आता बोलतील. त्यांनी नाक पुसलं, मान वळवली आणि म्हणाले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून गार वारा येतो, थंडीच्या आत ती बुजवून घेतली पाहिजे.

चिडले नाहीत आणि शरमलेही नाहीत. मी दोनच रस्ते धरले होते, आणि हे तिसऱ्याच रस्त्यानं निघून गेले.

तो प्रवेश लिहू नकोस. तसा प्रवेश नसतोच. तो माणूस वाईट आहे की भला, हे कळेपर्यंत मी थांबले तर त्या खोलीतच म्हातारी होईन. मला अजूनही कळलेलं नाही. कुणी विचारलं की तुझ्या नवऱ्यानं काय वाईट केलं, तर मला सांगता येणार नाही. ह्यांच्यावर माझा जीव आहे, हेही लिहून ठेवते. पण मला गाड्यांच्या घंटा ऐकायच्या आहेत.

गवंडी गुरुवारी येतोय. विटा आणि चुना आत न्यायचा म्हणजे बागेचं फाटक आणि मागचं दार दोन्ही सकाळभर उघडी ठेवावी लागतात. सिबिल टोपली घेऊन पुढं जाईल, मी तिच्या मागून. मावशीला माहीत आहे.

शनिवारी उभा राहा.

तुझी,
थॉमसिन


नॉर्विच
२८ सप्टेंबर १६१२

प्रिय अँब्रोज यांस जर्व्हिस पेंटलोचा स. न. वि. वि.

थॉमसिन गवंडी आला त्या गुरुवारी सिबिलबरोबर बाजारात गेली ती परत आली नाही. सिबिल नुसती रडते. मालाच्या गाडीवाल्यानं तिला लंडनला पोहोचवलं असं लोक म्हणतात. मी मानायला तयार नव्हतो, पण आता मानतो. ती तुमच्याकडे असेल तर सुखरूप आहे एवढंच कळवा. गाडी उघडी असते आणि ती शाल न घेता गेली. हातमोजेही इथंच आहेत.

माझ्याकडून काय उणं पडलं ते मी दहा दिवस शोधतोय. पाद्रीसाहेबांना विचारलं, शेजारी विचारलं. सगळे म्हणतात, तुमच्यासारखा नवरा नाही. चार वर्षांत मी तिला कधी टाकून बोललो नाही, ते तुम्ही जाणता. तिला काही हवं होतं तर ती म्हणाली का नाही? मी आणून दिलं असतं. रागावलोय असं समजू नका, मला समजत नाही एवढंच.

काल दुपारी वाटलं, जाताना चिठ्ठी ठेवली असेल, म्हणून तिच्या शिवणाच्या खोलीत गेलो. पूर्वी कधी तिथं फार वेळ गेलो नव्हतो, तिची जागा म्हणून. आत पाऊल टाकलं आणि टेबल कुठं आहे तेच दिसेना. परत खाली आलो आणि भर दुपारी मेणबत्ती पेटवून वर गेलो. चिठ्ठी नव्हती. मी तिच्या खुर्चीवर बसलो. बाहेर काय चाललंय ते काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही.

माझ्या अंगात तिनंच शिवलेला सदरा होता. मेणबत्ती जवळ धरून बाही पाहिली. टाके बारीक आहेत, एकही वाकडा नाही. या खोलीत तिनं माझे बारा सदरे शिवले आणि मेणबत्ती कधी मागितली नाही. तिला दिसत कसं होतं, एवढं तरी तिला विचारून कळवा.

आपल्या लोभात अंतर पडू देऊ नये.

आपला,
जर्व्हिस पेंटलो